छातीवरचा खिसा

आमचे दाजी कुठलाही आकडा कानावर पडला की त्याचे शर्ट करतात. घरभाडं म्हणजे अठ्ठावीस शर्ट, विजेचं बिल सहा, ताईने दाढ भरून घेतली तिचे नऊ. तीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला पैसा असा थेट दिसत नाही. मधे शिलाई येते. मी त्यांचा मेव्हणा, कापडाच्या गोदामात हिशेब लिहितो, आणि मला ही पद्धत पटते. नोटेचा भरवसा नाही, काल जेवढ्यात भागत होतं तेवढ्यात आज भागत नाही. शर्टाला मात्र तेव्हाही एक कॉलर, दोन कफ आणि एक खिसा लागायचा, आजही लागतो.

तर या दाजींना वयाच्या बावन्नाव्या वर्षी पत्र आलं. शिवणकाम शिकवणाऱ्या संस्थेत कटिंगचे शिक्षक म्हणून निवड. कायम नोकरी, महिन्याचा पगार आणि शेवटी पेन्शन. ताईने पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पेन्शनच्या ओळीवर थांबली. तिचंही खरं होतं. सुईत दोरा ओवायला दाजींना अलीकडे ती लागायची, आणि मशीनवरून उठताना ते कमरेला हात लावून असा आवाज काढायचे की गिऱ्हाईक आपणहून म्हणायचं, "राहू द्या मास्तर, उद्या दिलात तरी चालेल." दुकान ओढून ताणून पाच वर्षं. त्यापुढे काय, याचं उत्तर त्या पत्रात होतं.

पत्राखाली अट एकच. तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला, छातीच्या फोटोसह, तीस तारखेच्या आत. न आल्यास यादीतलं पुढचं नाव.

पुढचं नाव आमच्या चांगलंच ओळखीचं. दाजींच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, तिचं दुकान. पूर्वी ती दाजींकडेच काज-बटणं करायची, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणत. आता तिच्या हाताखाली दोघीजणी काजं करतात, पण नाव चिकटलं ते चिकटलं. नऊ वर्षं ती आणि दाजी एकमेकांशी बोललेले नव्हते. रस्ता ओलांडायला बारा पावलं लागतात, मी मोजलीत.

"छातीचा फोटो तीन शर्ट," दाजी म्हणाले. "पूर्वी दोन होते. असू दे. पेन्शनपुढे एक शर्ट म्हणजे काय!"

दवाखान्यातलं जुनं एक्स-रे मशीन भंगारात गेलं होतं, त्यामुळे सगळी वस्ती आता काचेच्या इमारतीतल्या नव्या सेंटरवर जाते. चार तारखेला आम्ही तिथे गेलो. आत इतकी थंडी की माणूस बरा असला तरी कुडकुडतो. काउंटरवर साखळीचा चष्मा लावलेली बाई. तिने दाजींना आत पाठवलं आणि चार मिनिटांत बाहेर काढलं. पूर्वी फिल्म धुवायची, वाळवायची, दुसऱ्या दिवशी न्यायला यायचं. आता चित्र तिथल्या तिथे पडद्यावर. दाजी खूश झाले. शर्टाची घडी घालावी तशी पावती घडी करून खिशात ठेवली.

पण फोटोवाल्या डॉक्टरांनी आत बोलावलं. तरुण माणूस, स्वभावाने चांगला, हे आधीच सांगतो. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला मी बराच वेळ घालवला आणि एकही सापडला नाही.

"इथे, उजव्या बाजूला वर, काहीतरी दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"तेच सांगता येत नाही. स्कॅन केलं की सांगता येईल."

"मला तर काहीच होत नाही," दाजी म्हणाले. "खोकला नाही, ताप नाही. जिना चढतो."

"बरोबर आहे. हे नवं मशीन फार बारीक बघतं. जुन्या मशीनवर कदाचित नजरेतूनही सुटलं असतं."

मी न राहवून विचारलं, "मग जुन्या मशीनच्या वेळी अशी माणसं काय करायची?"

"काही नाही करायची."

"आणि?"

डॉक्टर जरा हसले. "बरीचशी जगायची."

"आणि उरलेली?"

यावर ते हसले नाहीत. बाहेर बाकावर एक बाई आईला घेऊन बसली होती. तिने आम्हाला आपणहून सांगितलं होतं की याच मशीनने आईची गाठ वेळेत पकडली, नाहीतर आज आई नसती. म्हातारी शेजारी बसून बिस्कीट खात होती. अशा बिस्किटासमोर कोणी हिशेब मांडू शकत नाही. मीही मांडला नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, संस्थेला विचारू, एवढ्यावर दाखला मिळतो का. ताई दोनच शब्द बोलली, "असलं तर?"

मी आयुष्यभर हिशेब लिहिले, पण 'असलं तर' या दोन शब्दांइतकी महाग वस्तू पाहिली नाही. तिला उलट उत्तर नसतं. "नसलं तर?" म्हणून बघा, घरातले सगळे तुमच्याकडे कसाई असल्यासारखे बघतात.

स्कॅन म्हणजे चाळीस शर्ट. चष्मेवाली म्हणाली, "पूर्वी याच्या दुप्पट होता हो, काका. आता खूप स्वस्त झालाय."

"असेल," दाजी म्हणाले, "पण पूर्वी मला तो कोणी करायला सांगत नव्हतं."

नंबर लागला अकरा तारखेला. रिपोर्ट पंधराला. पाकिटात एक सीडी आणि दोन कागद. पहिल्या कागदावर गाठ, अकरा मिलिमीटर. कशाची, ते निश्चित नाही. दुसऱ्या कागदावर बोनस: स्कॅनमध्ये यकृताचा वरचा भागही आल्याने तिथे एक ठिपका दिसला, बहुधा निरुपद्रवी, तरी सोनोग्राफी करून घ्यावी. सोनोग्राफी आठ शर्ट.

"म्हणजे छातीत बघायला गेले आणि पोटात सापडलं," ताई म्हणाली.

"उद्या पोटात बघतील तर गुडघ्यात सापडेल," दाजी म्हणाले. "माझ्याकडे माणूस बटण लावायला आला तर मी त्याची विजार उसवून बघतो का?"

फोटोवाल्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, सुई घालून गाठीचा तुकडा काढायचा, दवाखान्यात एक दिवस, नव्वद शर्ट, आणि फुफ्फुसाला टोचण्यात थोडा धोका. दोन, तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन, पुन्हा चाळीस. गाठ वाढली नसेल तर चांगलं.

"साहेब, माझी तारीख तीस आहे. याच महिन्यातली."

"गाठीला तारीख कळत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचलंत का? 'तुलनेसाठी जुनी फिल्म उपलब्ध नाही.' तुमची जुनी एखादी छातीची फिल्म असती ना, तर आपला प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता. गाठ त्यातही एवढीच असेल, तर ती वर्षानुवर्षं नुसती बसून आहे. मग सुई नको, काही नको. मी लगेच लिहून देतो."

दाजींचा चेहरा उजळला. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, विझला.

तिथून ते तडक निघाले. दुकानात शिरले, तर ताई तिथेच बसली होती. मी तिला सांगितलं, जुनी फिल्म पाहिजे. ताईने दाजींकडे बघितलं. दाजींनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर खिळा आहे आणि खिळ्याला दाजींचे सगळे साचे अडकवलेले असतात: पुठ्ठ्याचे, पत्र्याचे, आणि काही काळसर, पारदर्शक.

एकोणीस वर्षांपूर्वी दाजींना महिनाभर ताप होता. तेव्हा छातीची फिल्म काढली होती, दोन शर्टांना. ताप गेला, फिल्म उरली. आणि आमच्या दाजींच्या घरात उरलेली वस्तू फेकायची पद्धत नाही. एक्स-रेची फिल्म म्हणजे साच्याला सोनं. झिजत नाही, दुमडत नाही, आणि मुख्य म्हणजे आरपार दिसतं. चौकड्याच्या कापडावर खिसा कापताना साच्याखालच्या रेषा दिसाव्या लागतात, नाहीतर शर्टाच्या चौकड्या एकीकडे आणि खिशाच्या दुसरीकडे. दाजींचे खिसे शर्टात असे विरघळायचे की गिऱ्हाईक पेन ठेवायला खिसा चाचपडून शोधायचं. त्या खिशावर दुकान चाललं. आणि तो खिसा त्यांनी स्वतःच्या छातीतून कापला होता.

त्यांनी खिळ्यावरून साचे काढून टेबलावर मांडले. उभी कॉलर निघाली. तिच्या टोकाला नाव आणि तारखेची पट्टी शाबूत, कारण पट्टीतून कात्री घालायला दाजींचं मन झालं नव्हतं. दोन कफ निघाले. एकात बरगड्या, दुसऱ्यात हृदयाची कड. इकडचेतिकडचे तुकडेही निघाले. जुळवल्यावर सगळी छाती जमली. उजवीकडे वर तेवढं भोक राहिलं, खिशाच्या आकाराचं.

"खिसा कुठे आहे?" मी विचारलं.

दाजींनी दाराबाहेर, रस्त्यापलीकडे हनुवटी केली.

आता ते नऊ वर्षांपूर्वीचं. काजवालीने स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं आणि काम सोडलं. ती गेली त्याच आठवड्यात खिशाचा साचा दिसेनासा झाला. दाजी भडकले. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "जाताना माझा खिसा कापून गेली." त्यांना म्हणायचं होतं एक, गिऱ्हाइकांनी घेतलं दुसरं. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की काजवाली पाकीटमार आहे. नव्या दुकानात सहा महिने कोणी आगाऊ पैसे ठेवेना. तिने एकदाच दारात येऊन सांगितलं होतं, "मास्तर, जीभ शिवून घ्या, फुकटात शिवून देते." त्यानंतर अबोला.

"जा आणि माग," ताई म्हणाली.

"चोराकडे चोरीचा माल मागायला जाऊ?"

ताई उठली, बसली, परत उठली. मग पदराशी चाळा करत भिंतीला म्हणाली, "तिने चोरला नव्हता. मी दिला होता."

रस्त्यापलीकडे काजवालीच्या मशीनची खटखट चालूच होती.

"सहा वर्षं तिने आपल्याकडे काम केलं," ताई म्हणाली. "रिकाम्या हाताने कशी पाठवणार? म्हटलं, एक साचा, यांना काय, दुसरा कापतील. तर तुम्ही आल्या आल्या एवढा तमाशा केलात की मग बोलायची सोयच राहिली नाही."

"नऊ वर्षं?"

"पहिला आठवडा गेला की पुढची वर्षं आपोआप जातात," ताई म्हणाली. बहीण माझी आहे म्हणून सांगत नाही, पण हे वाक्य मी अजून खोडू शकलेलो नाही.

दाजींना रस्ता ओलांडायला आठ दिवस लागले. रोज नवं कारण. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाठवून बघितलं, काजवाली कापडावरची नजर न काढता म्हणाली, "ज्याचा खिसा, त्याने यावं." पंचवीस तारखेला ताईने कॅलेंडर काढून त्यांच्या कटिंगच्या टेबलावर, कापडाच्या मधोमध ठेवलं. मग निघाले. मी मागोमाग, साक्षीदार म्हणून.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एकाच्या गळ्याभोवती टेप. काजवालीने दाजींना पाहिलं आणि गिऱ्हाइकाचा गळा मोजून पूर्ण केला. "साडेपंधरा," वहीत लिहिलं. "बोला मास्तर. माप द्यायचंय?"

"तो साचा," दाजी म्हणाले. "खिशाचा. चार दिवसांसाठी."

"कशाला?"

"त्यात माझं फुफ्फुस आहे."

टेपवाल्या गिऱ्हाइकाने मान वळवली. दाजींनी मग सगळं सांगितलं; गाठ, सुई, तीस तारीख. काजवाली ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मास्तर, यादीत दुसरं नाव कोणाचं आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मलाही वाचता येतं. साचा नाही दिला तर नोकरी मला."

"हो."

"आणि मलाही पेन्शन आवडते."

काजवालीने ड्रॉवर उघडला, साचा काढला, पण हातातच ठेवला. "त्या दिवशी चार माणसांसमोर बोलला होतात. आज दोनच आहेत. चालेल, दोन माफ. बोला."

दाजींनी घसा साफ केला. गिऱ्हाइकांकडे न बघता, शोकेसमधल्या पुतळ्याकडे बघून म्हणाले, "हिने माझा खिसा कापला नव्हता. तो माझ्या बायकोने दिला होता. चूक माझी."

"पुतळ्याला कळलं," काजवाली म्हणाली. "आता माणसांना सांगा."

पुन्हा सांगितलं. साचा मिळाला. वापरून वापरून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. तिनेही तो नऊ वर्षं राबवला होता. आमच्या टेबलावर आणून भोकात बसवला तर बसला असा, की जणू कात्री आत्ताच फिरली. बरगड्या बरगड्यांना लागल्या. आणि खिशाच्या बरोबर मधोमध एक फिकट गोल ठिपका. दाजींनी डब्यातून शर्टाचं बटण घेतलं आणि त्यावर ठेवलं. ठिपका झाकला गेला. बटण उचललं, पट्टीवर मोजलं. अकरा मिलिमीटर.

ताईने डोळ्यांना पदर लावला. मी म्हणालो, झालं, सुटलो. मी हिशेबनीस माणूस, वर्ष संपायच्या आत बेरीज मारायची नसते हे मला कळायला हवं होतं.

सत्तावीसला चिकटपट्टीने जोडलेली छाती गुंडाळून सेंटरवर. फोटोवाल्या डॉक्टरांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. ती पेटी कोपऱ्यात होती आणि तिच्यावर कुंडी ठेवलेली होती. कुंडी उतरवावी लागली. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे काय आहे?"

"कॉलर, दोन कफ, खिसा," दाजी म्हणाले.

"नाही, हा गोल."

"तीच गाठ. अकरा मिलिमीटर."

"की शर्टाचं बटण?" डॉक्टर म्हणाले. "जुन्या काळी पुष्कळदा शर्ट घालूनच फिल्म काढायचे. बटणाची सावली अशीच येते. मापही बटणाचंच आहे."

मी दाजींना तीस वर्षं ओळखतो, पण त्यांचा आवाज असा चढलेला मी ऐकला नव्हता. "डॉक्टर! बटणाला भोकं असतात. चार. दिसतायत का? आणि बटणपट्टी मधे असते, छातीच्या मध्यावर. या जागी, उजव्या बाजूला, एवढ्या वर बटण लावणारा शिंपी जगात असेल तर मला त्याचा पत्ता द्या!"

डॉक्टर पुन्हा वाकले. भिंग आणलं. बघितलं. आणि खरं सांगायचं तर मनमोकळेपणाने म्हणाले, "मान्य. भोकं नाहीत. गाठ जुनीच आहे. एकोणीस वर्षांत हललेली नाही. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"मग लिहून द्या."

"देतो की. काउंटरवर फिल्म जमा करा, ती सिस्टिममध्ये चढली की मी सुधारित रिपोर्ट काढतो."

काउंटरवर चष्मेवालीने फिल्म दोन बोटांनी उचलली. "काका, ही स्कॅनरमध्ये अडकेल. चिकटपट्टी आहे."

"डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितलंय."

"सिस्टिमला डोळे नाहीत ना काका. तुलना करायची तर जुनी फाइल लागते. फाइल नसेल तर रिपोर्टचं ते पानच उघडत नाही."

मग मोठ्या सेंटरवर पाठवून फोटो काढून आणायचं ठरलं. सुधारित रिपोर्टचे तीन शर्ट, कामाचे दोन दिवस. अठ्ठावीस आणि एकोणतीस सुट्टी. मी विचारलं, डॉक्टर एका साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही करतील का? डॉक्टर बिचारे बाहेर आले, पेनही काढलं, आणि चष्मेवालीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. पेन परत गेलं. "सिस्टिमच्या बाहेर लिहिता येत नाही हो," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. वाईट वाटण्याची पावती मिळत नाही.

तीस तारखेला दाजी संस्थेत जाऊन बसले. कारकुनाला चाळीस शर्टांचा स्कॅन दाखवला, फिल्मची हकीकत सांगितली. कारकून म्हणाला, "मास्तर, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण रिपोर्टात लिहिलंय 'निश्चित नाही'. मी निश्चित कसं लिहू?"

सुधारित रिपोर्ट दोन तारखेला आला. त्यात लिहिलं होतं: 'तुकड्यांत उपलब्ध असलेल्या जुन्या फिल्मशी तुलना केली. गाठ जुनी असून बदल नाही. यकृताच्या ठिपक्यासाठी सोनोग्राफीचा सल्ला कायम.' तो घेऊन आम्ही संस्थेत गेलो तेव्हा पुढच्या नावाला पत्र गेलेलं होतं.

मी गोदामात बसून एकदा एका कागदाच्या मागच्या बाजूला मांडलं. तीन, चाळीस, तीन. सेहेचाळीस शर्ट घालवून आम्हाला काय कळलं, तर दाजींना काही झालेलं नाही. जे त्यांना चार तारखेच्या सकाळी, जिना चढताना, फुकट माहीत होतं.

दाजी रागावले नाहीत, तेच जास्त जड गेलं. जोडलेली छाती भिंतीवर अडकवली, काजवालीनेही खिसा परत मागितला नाही, आणि नऊ वर्षांच्या सवयीने ते पुठ्ठ्यानेच खिसे कापत राहिले. पुठ्ठ्यातून आरपार दिसत नाही, एरवी सवयीच्या हाताने निभायचं. त्या आठवड्यात दोन शर्टांच्या चौकड्या चुकल्या.

काजवालीला पत्र मिळालं तेव्हा ती दाखवायला आली नाही. पण दहा-बारा दिवसांनी, दुपारची, ती आमच्या दारात उभी राहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा चौकटीच्या आत पाऊल टाकलं. हातात पांढरं मोठं पाकीट. त्या पाकिटाचा आकार आता आम्ही तिघंही लांबून ओळखतो.

"काही बोलू नका," ती म्हणाली. "डावीकडे आहे. नऊ मिलिमीटर. कशाची ते निश्चित नाही."

ताईने स्टूल पुढे केलं. "बस आधी. जुनी फिल्म असेल की कुठेतरी."

"कुठली?" काजवाली म्हणाली. "तुमच्याकडे काजं करायचे तेव्हा मला खोकला झाला होता, आठवतं? डॉक्टर म्हणाले होते छातीचा फोटो काढ. दोन शर्ट होते. मी म्हटलं, खोकलाच आहे, जाईल. गेला." ती पाकिटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तेव्हा दोन परवडले नाहीत, आता चाळीस आणा म्हणतात."

"तारीख?"

"याच महिन्याची अखेर. नाहीतर तिसरं नाव."

तिसरं नाव कोणाचं हे मला माहीत नाही, पण त्या माणसाने कधीकाळी एखादी फिल्म काढून जपून ठेवली असावी असं मनापासून वाटलं.

दाजी उठले. कमरेला हात लावून त्यांनी तो आवाज काढला. "तुमच्या हातात शर्ट किती आहेत सध्या?"

"सतरा. का?"

दाजींनी फळीवरचे कापलेले गठ्ठे खाली घेतले आणि तिच्यासमोर ठेवले. "हे तेवीस. शाळेच्या शिक्षकांचे आहेत, पैसे रोख देतात. तुम्ही शिवा, तुम्हीच पोचवा, पैसे तुम्हीच घ्या."

"अहो," ताई हळूच म्हणाली, "आणि तुमची सोनोग्राफी?"

"यकृत कुठे पळून जातंय!"

काजवाली आता काहीतरी लागट बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तिने गठ्ठ्याची दोरी सोडली, वरचं कापड उजेडात धरलं, दोन बोटांत चोळलं आणि भुवया चढवल्या. "मास्तर, हे चौकडीचे आहेत."

"मग?"

"मग खिसा जुळवायला लागेल. पुठ्ठ्यावर मी काम करत नाही."

दाजींनी भिंतीकडे बघितलं. मग खिळ्यावरून ती जोडलेली छाती काढली, टेबलावर पसरली आणि नखाने चिकटपट्टीचं टोक शोधू लागले.

"अहो, राहू द्या तशीच!" ताई म्हणाली. "पुढच्या वेळी तुलनेला लागेल!"

पण पट्टी तोवर अर्धी निघाली होती.